लेन्स परदेशी, कॅमेरा कोल्हापुरी: बाबूराव पेंटरांनी घरी सिनेमाचा कॅमेरा बनवला, त्याची गोष्ट

लग्नाच्या सीझनमध्ये कुठल्याही फोटोग्राफरची बॅग उघडून बघा. बॉडी सोनीची असते, लेन्स कॅननची असते आणि दोघांच्या मध्ये एक काळी रिंग असते. तिला अ‍ॅडाप्टर म्हणतात. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर बसवायचा हा जुगाड आता इतका कॉमन झालाय की त्याचं कुणाला काही वाटत नाही. ऑनलाइन मागवायची, खटकन बसवायची आणि शूट सुरू.

पण समजा बाजारात ती रिंगच मिळत नाही. बॉडीसुद्धा मिळत नाही. काचेची लेन्स तेवढी तुमच्या हातात आहे आणि तिच्या मागचं सगळं यंत्र तुम्हालाच बनवायचंय. तेही फोटोचं नाही, सिनेमाचं.

शंभरएक वर्षांपूर्वी कोल्हापुरात हे झालंय. करणाऱ्याचं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. सगळा महाराष्ट्र त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचाच. वडील कृष्णराव मेस्त्री हे कारागीर गडी. सुतारकाम यायचं, लोहारकाम यायचं, मूर्ती घडवायचे, हस्तिदंतावर कोरीव काम करायचे. बाबूराव कुठल्या आर्ट स्कूलला गेले नाहीत. चित्रकला आणि शिल्पकला ते बघून बघून आणि करून करून शिकले. पुढे काय झालं हे समजायला ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण कॅमेरा बनवायला जितकी चित्रकाराची नजर लागली तितकाच मेस्त्र्याचा हात लागला.

नात्यातले भाऊ आनंदराव हे बाबूरावांचे जोडीदार. दोघं मिळून नाटकाचे पडदे रंगवायचे. १९१० ते १९१६ या काळात संगीत नाटकांचं वेड ऐन भरात होतं आणि कंपन्यांमध्ये चढाओढ असायची ती गाण्यांची आणि पडद्यांची. पडदा वर गेला की मागे राजवाडा, जंगल, नदी असं काहीतरी दिसायचं आणि लोक टाळ्या वाजवायचे. सपाट कापडावर खोली दाखवायची, उजेड कुठून येतो ते दाखवायचं, हेच या दोघांचं रोजचं काम. मराठी कंपन्यांबरोबर पारशी-गुजराती कंपन्यांकडूनही त्यांना कामं यायची. पेंटर हे आडनाव लागलं ते या धंद्यामुळे.

आणि मग १९१३ साल आलं. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. दोन्ही भावांना सिनेमाचा नाद लागला. आपणही सिनेमा काढायचा, हे ठरलं.

आता फाळक्यांनी काय केलं होतं ते बघा. ते १९१२ मध्ये लंडनला गेले, तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला आणि कच्ची फिल्म आणि तिला भोकं पाडायचं यंत्रही मागवलं. थोडक्यात तयार वस्तू आणली. त्यात कमीपणा काहीच नाही, सगळ्या जगात असंच चालायचं. पण कोल्हापूरच्या या दोन पेंटरांकडे लंडनला जाण्याइतके पैसे नव्हते. वर १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि युरोपातून जहाजानं माल आणणंच अवघड होऊन बसलं.

मग त्यांनी उलट्या बाजूनं सुरुवात केली. आधी सिनेमा दाखवायचा धंदा धरला. मुंबईच्या चोरबाजारातून जुना प्रोजेक्टर आणल्याची गोष्ट कोल्हापुरात आजही सांगतात. यात डोकं असं होतं की प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही दोन वेगळी यंत्रं नाहीतच. प्रोजेक्टरमध्ये आतला उजेड फिल्ममधून, लेन्समधून बाहेर पडद्यावर जातो. कॅमेऱ्यात बाहेरचा उजेड लेन्समधून आत फिल्मवर येतो. ल्युमिएर बंधूंची १८९५ ची पेटी तर दोन्ही कामं करायची. दिवसा तिच्यानं शूट करायचं आणि रात्री तिच्यामागे दिवा लावून तेच दाखवायचं. त्यामुळे प्रोजेक्टर खोलून नीट बघितला तर कॅमेरा कसा चालत असेल याचा निम्मा उलगडा होतो.

उरलेला निम्मा मात्र भलताच किचकट.

सिनेमाची ३५ मिमी फिल्म सलग पळत नाही. ती थांबत थांबत पळते. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम घ्यायचे. कॅमेरामन हँडल फिरवायचा, एका फेऱ्यात ८ फ्रेम, म्हणजे सेकंदाला दोन फेरे. या सोळापैकी प्रत्येक वेळी फिल्म लेन्समागच्या खिडकीत येऊन स्थिर उभी राहायची, शटर उघडायचं, उजेड पडायचा, शटर मिटायचं आणि मग एक छोटा पंजा फिल्मच्या कडेच्या भोकांत शिरून तिला बरोब्बर चार भोकं खाली ओढायचा. शटर उघडं असताना फिल्म हलली की चित्र फराटल्यासारखं येणार. पंजानं एकदा थोडं जास्त, एकदा थोडं कमी ओढलं की पडद्यावर सगळं थरथरणार.

हे थरथरणं किती, त्याचा हिशेब घालून बघा. फ्रेमची रुंदी साधारण २४ मिमी. ती ४ मीटरच्या पडद्यावर फेकली की चित्र जवळजवळ १६५ पट मोठं होतं. फिल्म जागेवरून ०.१ मिमी जरी सरकली तरी पडद्यावर सगळा देखावा दीड सेंटिमीटरहून जास्त हलतो. लेथवर कातलेल्या आणि कानशीनं घासलेल्या भागांतून एवढी अचूकता काढायची होती.

आता लेन्सकडे या. बॉडी घरी बनवता येईल, पण लेन्स नाही. कारण लेन्सला लागणारी ऑप्टिकल काच तेव्हा भारतात तयारच होत नव्हती. स्वातंत्र्यानंतर कोलकात्याच्या सेंट्रल ग्लास अँड सिरॅमिक रिसर्च इन्स्टिट्यूटनं ती बनवायला घेतली. कच्च्या फिल्मचं तर त्याहून लांब. उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना साठच्या दशकातला. त्यामुळे १९१८ च्या आसपास भारतात कुणीही कॅमेरा बनवला असता तरी त्याचा डोळा परदेशीच असणार होता. कोल्हापूरचं काम होतं त्या डोळ्यामागचं डोकं बनवण्याचं.

आणि दुसऱ्याच्या लेन्सला आपली बॉडी जोडणं म्हणजे नुसतं भोक पाडून स्क्रू पिळणं नाही.

प्रत्येक लेन्सचा एक हट्ट असतो. माझ्या बुडापासून फिल्म अमुक इतक्याच अंतरावर पाहिजे, असा. आजच्या भाषेत याला फ्लँज डिस्टन्स म्हणतात. निकॉनच्या जुन्या एफ माउंटचं हे अंतर ४६.५ मिमी आहे, कॅननच्या ईएफ माउंटचं ४४ मिमी आणि सोनीच्या मिररलेस बॉडीचं अवघं १८ मिमी. म्हणून कॅननची ईएफ लेन्स सोनीवर आरामात बसते, मधल्या २६ मिमीच्या फरकाची रिंग घातली की झालं. निकॉनची एफ लेन्स कॅननच्या डीएसएलआरवर बसवायला अडीच मिमीची चकती पुरते. पण उलटं करायला जाल तर फसाल. कॅननची लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर लावायची तर ती अडीच मिमी आत घुसायला हवी, आणि तिथं जागा नाही. मग जवळच्या वस्तू फोकस होतात आणि लांबचा डोंगर कायम धूसर राहतो. जुनी लेन्स स्वस्तात मिळतेय म्हणून उचलण्याआधी हे दोन आकडे बघून घ्या, पैसे वाचतील.

हे अंतर किती नाजूक असतं? ५० मिमीची, म्हणजे तेव्हाच्या भाषेत दोन इंची लेन्स घ्या. लांबच्या डोंगराचं चित्र लेन्सच्या मागे ५० मिमीवर स्पष्ट उमटतं. माणूस १० मीटरवर उभा असेल तर ५०.२५ मिमीवर, आणि तोच ३ मीटरवर आला तर ५०.८५ मिमीवर. म्हणजे डोंगरापासून समोरच्या माणसापर्यंतचा सगळा खेळ एका मिलिमीटरच्या आत. कॅमेऱ्याची बॉडी अर्ध्या मिलिमीटरनं जरी चुकली तर लेन्सवर कोरलेले फुटांचे आकडे खोटे ठरतात. लेन्स थोडीशी तिरकी बसली तर फ्रेमची डावी बाजू स्पष्ट आणि उजवी धूसर.

कंपनीचा तयार कॅमेरा घेणाऱ्याला यातलं काहीच माहीत असायची गरज नसते. स्वतः बॉडी बनवणाऱ्याला मात्र हे अंतर शोधूनच काढावं लागतं. त्याची जुनी पद्धत साधी आहे. फिल्मच्या जागी घासलेली काच लावायची, डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि उलटं उमटलेलं चित्र बघत लेन्स केसाएवढी पुढे, केसाएवढी मागे करत राहायचं. प्रोजेक्टरची लेन्स तशीच उचलून लावावी तर तिला सहसा उजेड कमी-जास्त करायची झडपच नसते. कोल्हापूरच्या दुपारच्या उन्हात तिच्यानं शूट करून बघा म्हणजे कळेल.

या धडपडीत तीन वर्षं गेली. आणि १९१६ मध्ये आनंदराव वारले. कॅमेरा अर्धवटच होता.

इथं ही गोष्ट संपू शकली असती. पडद्यांची कामं होती, त्यात नाव होतं, पोट भरत होतं. पण बाबूरावांनी कॅमेरा सोडला नाही. मदतीला होते विष्णुपंत दामले. ते मूळचे पेणचे, पडदे रंगवणं शिकायला या दोघांकडे आलेले. दामल्यांचं यंत्रात डोकं चालायचं. गुरू आणि शिष्यानं मिळून १९१८ मध्ये कॅमेरा चालू केला. भारतात बनलेला पहिला सिनेमाचा कॅमेरा म्हणून लोक त्याचं नाव घेतात.

त्याआधीच महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली होती. १ डिसेंबर १९१७ ही तिच्या स्थापनेची तारीख कोल्हापूरची सिनेमावाली मंडळी आजही पाळतात. भांडवलाचा प्रश्न होताच. तो सोडवायला पुढे आल्या तानीबाई कागलकर. त्या गायिका होत्या. मराठी सिनेमाच्या इतिहासात पैसे लावणाऱ्या पहिल्या काही लोकांत एक बाई आहे, हे आपण फारसं बोलत नाही, म्हणून इथं मुद्दाम सांगतोय.

‘सीता स्वयंवर’चा पहिला प्रयत्न काही तडीस गेला नाही. मग आला ‘सैरंध्री’. ७ फेब्रुवारी १९२० ला पुण्याच्या आर्यन सिनेमात तो लागला. कोल्हापुरी कॅमेऱ्यानं काढलेलं चित्र पुणेकरांनी मोठ्या पडद्यावर पाहिलं. गोष्ट कीचकवधाची. याच विषयावरच्या खाडिलकरांच्या नाटकावर इंग्रज सरकारनं आधीच बंदी घातलेली होती. बाबूरावांनी कीचकाचा वध इतका खराखुरा दाखवला की तो भाग कापायला लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. टिळक त्याच वर्षी १ ऑगस्टला गेले.

‘सैरंध्री’त द्रौपदीचं काम बाईनं केलं होतं. फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, साळुंके नावाच्या पुरुषाला साडी नेसवावी लागली होती. त्यानंतर सातच वर्षांनी कोल्हापुरात गुलाबबाई आणि अनसूयाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी झाली. बदल झाला, पण खरं नाव लपवायला लागलंच.

ज्यानं स्वतः कॅमेरा बनवलाय तो माणूस सिनेमा वेगळा काढतो, असं मला वाटतं. आयुष्यभर रंगवलेले पडदे बाबूरावांनीच सिनेमातून बाद करायला सुरुवात केली. लेन्सला सपाट कापड सपाटच दिसतं, नाटकाच्या प्रेक्षकासारखी ती फसत नाही. म्हणून त्यांनी खरोखरचे उभे सेट लावले. शूटिंगच्या आधी प्रत्येक फ्रेमचं चित्र ते काढून ठेवायचे, कपडे आणि हालचालीसुद्धा कागदावर ठरवायचे. आज ज्याला स्टोरीबोर्ड म्हणतात तेच हे. ‘सिंहगड’मध्ये १९२३ साली त्यांनी रात्रीची लढाई दाखवायला कृत्रिम दिवे वापरले आणि शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः केली. त्याला इतकी गर्दी झाली म्हणतात की सरकारचं लक्ष तिकिटाच्या पैशाकडे गेलं आणि करमणूक कर आला. तिकिटामागे हे लचांड लागलं ते तेव्हा. सिनेमाची पोस्टरंही ते स्वतः रंगवायचे.

मग १९२५ चा ‘सावकारी पाश’. देव नाहीत, राजे नाहीत, तलवारी नाहीत. सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो, एवढीच गोष्ट. कथा नारायण हरी आपट्यांची. शेतकऱ्याचं काम ज्या पोरानं केलं तो १९२० मध्ये कंपनीत पडेल ते काम करायला आला होता. त्याचं नाव व्ही. शांताराम. या सिनेमातल्या अंधाऱ्या रात्रीच्या झोपडीच्या दृश्याबद्दल सिनेमावाले पुढे कित्येक वर्षं बोलत राहिले. पण तिकीटबारीवर तो चालला नाही. लोकांना चमत्कार आणि लढाया हव्या होत्या. बाबूराव परत पौराणिक-ऐतिहासिककडे वळले. ‘सावकारी पाश’ चालला असता तर मराठी सिनेमा कुठं गेला असता, हा प्रश्न मला तरी सुटलेला नाही.

कंपनीत तोवर कुरबुरी वाढल्या होत्या. १ जून १९२९ ला शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. यातले दामले म्हणजे तेच, ज्यांच्याबरोबर रात्रंदिवस बसून बाबूरावांनी कॅमेरा चालू केला होता. फत्तेलाल कागलचे, तेही याच गुरूच्या हाताखाली तयार झालेले. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. प्रभातच्या त्या जागेत आज एफटीआयआय आहे, म्हणजे देशभरातली पोरं जिथं कॅमेरा शिकायला येतात तीच जागा.

कोल्हापुरात मात्र महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पसारा आवरत गेला. १९३० चा ‘लंका’ झाला आणि थोड्याच दिवसांत बाबूरावांनी कंपनी सोडली, पाठोपाठ कंपनीही बंद पडली. बोलपट आले होते. आता कॅमेरा एकटा पुरत नव्हता, त्याच्या जोडीला आवाजाची महागडी यंत्रं लागत होती आणि ती काही घरी लेथवर होण्यासारखी नव्हती. बाबूरावांनी शालिनी सिनेटोनसाठी १९३५ मध्ये ‘उषा’ केला, १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ परत बोलपट म्हणून काढला, १९३७ मध्ये ‘प्रतिभा’. पण जीव रमला तो पुन्हा चित्रांत आणि पुतळ्यांत. १९४७ मध्ये ‘लोकशाहीर रामजोशी’च्या निमित्तानं ते शांतारामांच्या राजकमलमध्ये दिग्दर्शनाला गेले. एकेकाळी ज्याला पडेल ते काम सांगितलं, त्याच्याच स्टुडिओत. १९५२ चा ‘विश्वामित्र’ हा शेवटचा सिनेमा. १६ जानेवारी १९५४ ला बाबूराव गेले.

त्यांचे बहुतेक मूकपट आज बघायला मिळत नाहीत. ती फिल्म नायट्रेटची होती, सहज पेट घेणारी आणि पेटली नाही तरी डब्यात पडून कुजणारी. त्यामुळे कोल्हापुरी कॅमेऱ्यातून चित्र नक्की कसं दिसायचं, हे जुन्या लोकांच्या लिहिण्यावरूनच समजून घ्यावं लागतं.

श्रेयाचं म्हणाल तर तिथंही एक गंमत आहे. कॅमेऱ्याचं नाव निघालं की बाबूरावांचं नाव येतं आणि ते बरोबरच आहे. पण तो सुरू केला आनंदरावांबरोबर आणि पुरा झाला दामल्यांबरोबर. एकाला तो चालताना बघायला मिळाला नाही. दुसऱ्याला लोक ‘संत तुकाराम’चा दिग्दर्शक म्हणून ओळखतात, मेस्त्री म्हणून नाही.

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. दर १ डिसेंबरला सिनेमातली माणसं तिथं जमतात. एरवी गाड्यांच्या गर्दीत त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. पुढच्या वेळी तिथून जाताना गाडी जरा बाजूला घ्या आणि बघून या.